ओढ्याला सातबारा नसतो!

आमच्या करवीर तालुक्यातल्या गावातलं गटारीचं पाणी आणि गोठ्यातलं शेणमूत ओढ्यात जायचं. ओढा भोगावतीला मिळतो आणि प्रयाग चिखलीच्या संगमापासून तेच पाणी पंचगंगा म्हणून कोल्हापूरला, पुढं इचलकरंजीला जातं. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. म्हणून ठरवलं, घाण ओढ्याच्या तोंडाशीच अडवायची.

ग्रामसभेचा ठराव झाला, बचत गटाच्या बायकांनी तो लावून धरला. दारोदारी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवायचे खड्डे, झाले. (काळ्या रानात पाणी जिरत नाही, तिथं आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा. आणि विहिरीजवळ तर खड्डा नकोच.) उरलेल्या पाण्यासाठी गटार ओढ्याला मिळते तिथं गाळ बसवायचं तळं आणि त्यापुढं पाणी गाळून निघावं म्हणून खडी-वाळूत कर्दळ, असा आराखडा झाला. बंधित निधीतून, म्हणजे वित्त आयोगाच्या पाणी-स्वच्छतेसाठी राखीव पैशातून, खर्चही बसत होता.

आणि तालुक्याच्या एका कार्यालयात फाईल अडकली. "जागेचा सातबारा जोडा."

अहो, ओढ्याला गट नंबरच नाही, तर सातबारा कुठून आणायचा? नकाशावर तो नुसत्या दोन रेघांनी दाखवलेला. शेजारच्या शेतकऱ्यांची संमतीपत्रं दिली, ती परत आली. तलाठ्याचा दाखला दिला, तर "मालकी सिद्ध होत नाही." पावसाळा तोंडावर, श्रमदानाला पोरं तयार, आणि फाईल टेबलावरच. हा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नदी घाण होताना कुणी सातबारा मागत नाही, स्वच्छ करायला निघालं की मागतात!

वाट दाखवली गावातल्या एका निवृत्त तलाठी आण्णांनी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 20: खाजगी मालकीचे नसलेले नदी, नाले, ओढे सरकारचे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढली, अर्जात कलम लिहिलं आणि शेवटी एकच ओळ घातली, "नाकारायचं असल्यास कारण लेखी द्यावे." अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. त्यानंतर फाईल हलली. ही ओळ पहिल्याच अर्जात घाला, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

पाण्याचे नमुने गटारीच्या वर आणि खाली, दोन्हीकडचे घ्या. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक हवी, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. हे आकडे ग्रामसभेला पटवायला फार कामी येतात. कारखान्यावर खटला करायचा असेल तर मात्र 1974 च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुनाच लागतो.