आमची वाटचाल: आमचे रोलर खोटं बोलत नव्हते

डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून तिची पॉवर मोजायचं यंत्र, बसवल्यावर पहिली काही वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते एका टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या सेडानबद्दल, जिच्यापायी आमचं शटर कायमचं खाली यायची वेळ आली.

गाडी पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी. चौथ्या गिअरमध्ये तीन रन घेतले. कंपनीने फ्लायव्हीलची, म्हणजे थेट इंजिनापाशी मिळणारी, म्हणून जाहीर केलेली पॉवर आम्हाला थेट चाकांवर दिसली. मग गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि टायर खातात ते साधारण 15 टक्के कुठे गेले? गाडीमालक खूश. पण धंद्यातल्या एका स्पर्धकाने, ‘यांचा डायनो आकडे फुगवतो,’ असं पसरवलं आणि चार महिन्यांत निम्मी गिऱ्हाइकं तुटली.

भागीदाराने लोड सेलवर (रोलरवरचा जोर मोजणाऱ्या सेन्सरवर) मोजलेली वजनं टांगली. कॅलिब्रेशन चोख निघालं. चूक सापडली ती करेक्शनमध्ये, म्हणजे हवामानाप्रमाणे आकडा दुरुस्त करण्यात. एसएई जे-1349 या अमेरिकी मानकाचं सूत्र आकडा 25 अंश तापमान आणि 990 मिलिबार कोरड्या हवेवर आणून ठेवतं. बिनटर्बो इंजिनाला ते ठीक. टर्बोचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मात्र उकाड्यात वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून वायू सोडणारी झडप) आवळून बरीचशी तूट स्वतःच भरून काढतो, वर आम्ही पुन्हा भर घालत होतो. करेक्शन काढलं, आकडा थोडा उतरला. तरी कंपनीच्या हिशेबापेक्षा बराच वर!

त्या दिवसांत एक जुने गिऱ्हाईक दर रविवारी आपली बिनटर्बो गाडी घेऊन यायचे. “आधी हिला चढवा,” म्हणायचे. तिचा ग्राफ दर वेळी आधीच्या ग्राफवर तंतोतंत बसायचा. रोलरवर आमचा विश्वास टिकला तो या माणसामुळे.

कंपनीचा आकडा म्हणजे किमान हमी, हे तेव्हा पटलं. हलकं पेट्रोल, तापलेला इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा), उंचावरची विरळ हवा, या सगळ्यांत तो भरला पाहिजे. वर गिअरबॉक्सची वॉरंटी आहे, महागडं मॉडेल कागदावर मागे पडू नये हीही काळजी. जपानी कंपन्यांनी तर 1989 पासून 2004 पर्यंत आपसांतल्या समजुतीने 280 पीएसवर (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) आकडा जाणं टाळलं. उलट 1999 च्या मस्टँग कोब्राचे जाहीर केलेले 320 हॉर्सपॉवर भरले नाहीत, तेव्हा फोर्डला विक्री थांबवून गाड्या दुरुस्त करून द्याव्या लागल्या. असं पाहिल्यावर कमी छापणंच कोणालाही परवडतं. 2019 मध्ये आलेल्या टोयोटा सुप्राचा अमेरिकेतला आकडा 335 हॉर्सपॉवर होता, आणि तिथल्या अनेक डायनोंवर तिने चाकांवरच जवळपास तेवढी पॉवर दाखवली.

नव्याने डायनो घेणाऱ्यांनो, करेक्शन न लावलेला ग्राफ गिऱ्हाइकाच्या हातात द्याच. 1:1 च्या जवळचा गिअर (ज्यात गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या फेऱ्या जवळपास सारख्या) धरा, टायरची हवा प्रत्येक रनआधी तपासा आणि इंटरकूलरसमोरच्या पंख्यावर पैसे वाचवू नका.

पुढे त्या स्पर्धकाच्या डायनोवरही तसाच आकडा आला. तेव्हा त्याने इंजिनाचं कौतुक केलं. आम्हाला फोन आजतागायत आलेला नाही.