एक जिल्हा, चार प्रदेश आणि एक रकाना: माझा अनुभव

बंगळुरूच्या आमच्या मंडळातली बहुतेक मुलं महाराष्ट्राबाहेर वाढलेली आहेत. सुट्टीत ती आजोळी जातात, लग्नकार्याला जातात, आणि परत येतात. उरलेलं राज्य बघायला सुरुवात कुठून करायची, हे त्यांच्या आईवडिलांनाही पटकन सांगता येत नाही. म्हणून महाराष्ट्राची एक प्रवासपुस्तिका करायचं मी अंगावर घेतलं. छपाईला अनुदान मिळण्यासारखं होतं, तर एका कार्यालयात प्रस्तावही दिला. माहिती, फोटो, नकाशे सगळं वेळेत झालं. गाडी अडली ती राज्याचे भाग कसे पाडायचे यावर, आणि त्यातही एकाच जिल्ह्यावर. तो राग अजून गेलेला नाही.

महसुलाच्या दृष्टीने राज्याचे सहा विभाग आणि 36 जिल्हे आहेत. कारभाराला ते ठीकच आहे. पण चार दिवसांची रजा काढून आलेल्या कुटुंबाला कुठल्या आयुक्तालयाच्या हद्दीत आपण आहोत याच्याशी काय करायचंय? त्याला हवं असतं ते एवढंच, की कुठे उतरायचं, सामान कुठे टाकायचं आणि तिथून काय काय बघून संध्याकाळी परत येता येईल. मी तीच कसोटी लावली. मुक्काम न हलवता जे जमतं ते एका प्रदेशात.

या कसोटीने बरंच काम सरळ झालं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा पट्टा गोव्याला जोडून दाखवला, कारण बंगळुरूचा माणूस आता मोप्याच्या विमानतळावर उतरून तिथे जातो. आंबोली घाटमाथ्यावर असली तरी लोक सावंतवाडीहूनच वर चढतात, म्हणून ती तिकडेच ठेवली. लोणार मात्र संभाजीनगरच्या प्रदेशात घातलं, तेव्हा आमच्यातले वऱ्हाडी लोक दुखावले. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं, म्हणून तिथे ठळक अक्षरात ‘जिल्हा बुलढाणा, विदर्भ’ असं लिहिलं. जागा बदलली नाही.

मग आला अहिल्यानगर जिल्हा. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांवर. त्याच्या पश्चिमेला अकोले तालुका. कळसूबाई, भंडारदरा, रतनवाडीचं अमृतेश्वर, साम्रदची सांदण दरी. इथे येणारा माणूस इगतपुरी-घोटीवरून येतो. जिल्ह्याचं शहर तिथून शंभरावर किलोमीटर लांब, त्याच्या वाटेतही येत नाही. शिर्डी नाशिकहून नव्वदेक किलोमीटर, त्यामुळे नाशिक-त्र्यंबक करणारा शिर्डी त्यातच उरकतो. नेवासे, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैसाचा खांब आहे, ते संभाजीनगरच्या रस्त्यावर. पैठणला जाणाऱ्याने ते चुकवू नये. आणि सिद्धटेक कर्जत तालुक्यात असलं, तरी अष्टविनायक करणारा कुणीही ते नगरमधून करत नाही. आठातले पाच गणपती पुणे जिल्ह्यात आहेत, यात्रा पुण्यातून निघते, आणि सिद्धटेकला दौंडच्या बाजूने जाणं सोयीचं पडतं.

म्हणून मी या जिल्ह्याची ठिकाणं चार प्रदेशांत वाटली. खुद्द शहर, म्हणजे 1942 पासून नेहरू जिथे कैदेत होते तो भुईकोट किल्ला आणि चांदबीबी महाल, पुणे-संभाजीनगर रस्त्यावरचा थांबा म्हणून दाखवलं.

प्रस्ताव परत आला. शेरा होता, विभागणी प्रमाणित नाही, त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे. प्रपत्रात प्रत्येक स्थळापुढे महसूल विभागाचा रकाना होता, आणि एका जिल्ह्याची स्थळं एकाच प्रकरणात आली पाहिजेत असा त्यांचा आग्रह. मी समजावून पत्र लिहिलं, नकाशा जोडला, घाटांचे रस्ते रंगवून दिले. उत्तर तेच. फोन केला की फाईल दुसऱ्या टेबलावर. पुण्याला गेले की तिथे थांबायचं, साहेब बैठकीत. बाकावर बसून मला राहून राहून वाटत होतं, यांच्यापैकी एकाने तरी लहान मुलांना घेऊन भंडारदरा बघून त्याच दिवशी सिद्धटेक गाठून बघावं.

शेवटी आवक-जावकच्या टेबलावरच्या एका वयस्कर बाईंनी कागद हातात घेतले, प्रपत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “अहो ताई, इथे विभागनिहाय यादी जोडावी एवढंच लिहिलंय. पुस्तक विभागवार लिहा असं कुठे म्हटलंय?” मी त्याच दिवशी प्रदेशांची प्रकरणं होती तशी ठेवून मागे परिशिष्ट जोडलं: स्थळ, तालुका, जिल्हा, महसूल विभाग. मंजुरी आली. अकोले, शिर्डी, नेवासे, सिद्धटेक जिथे असायला हवेत तिथेच छापले गेले, याचा मला फार अभिमान आहे.

तुम्ही असं काही करणार असाल तर परिशिष्ट पहिल्यापासूनच जोडा, आणि प्रपत्रातलं वाक्य तोंडी सांगण्यावर न जाता स्वतः वाचा. नकाशावरच्या अंतरावर विश्वास ठेवू नका. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली कोकण दिसतं, पण गाडीने जायचं तर माळशेजचा वळसा आहे. प्रदेशाचं नाव ठरवताना लोकांच्या तोंडातलं घ्या. ‘खानदेश’ म्हटलं की कळतं, ‘नाशिक विभाग उत्तर’ म्हटलं की कुणालाच कळत नाही.

ऋतू वेगळा लिहायला हवा, हे मला उशिरा सुचलं. सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद, ताडोब्याचं गाभा क्षेत्रही बंद. उलट कासची फुलं पावसाच्या शेवटीच. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे संभाजीनगरच्या प्रदेशात हे दोन वार पहिल्याच ओळीत टाका. शिवाय अजिंठा जिल्ह्याने संभाजीनगरात असलं, तरी रेल्वेने येणाऱ्याला जळगाव जवळ पडतं. दोन्ही प्रदेशांत त्याचा उल्लेख करा, एका ठिकाणी सविस्तर आणि दुसरीकडे पान क्रमांक देऊन.

आणि तालुका लिहिल्याशिवाय एकही गाव सोडू नका. कर्जत दोन आहेत. रेहेकुरीचे काळवीट बघायला निघालेलं कुटुंब मुंबईच्या लोकलने रायगडातल्या कर्जतला उतरलं, तर त्यांची सुट्टी तिथेच संपली.