बाबांच्या डब्ब्यात पुस्तकं भरताना

बाबांची नजर काचबिंदूने गेली ती कडेकडून. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग वाचताना ओळ सुटायला लागली, आणि शेवटी चष्मा, भिंग, टेबललॅम्प सगळं कपाटात गेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. आर्वीच्या बाजारातून परत येताना भाजीच्या पिशवीत एखादं पुस्तक असायचंच. त्यांना ऑडिओबुक ऐकवा, असं सगळ्यांनी सुचवलं. पण ऑडिओबुक म्हणजे शेवटी फाइल. ती कोणत्या प्रकारची आहे, कशावर वाजते, नाही वाजली तर काय करायचं, हे सांगणारं गावात कोणी भेटलं नाही. म्हणून जे जे कळत गेलं ते इथे लिहितो आहे. आमच्या भागात असे आई-बाबा घरोघरी आहेत.

पहिला प्रश्न फोनचा. घरात स्मार्टफोन आहेत, पण गुळगुळीत काचेवर बाबांचं बोट कुठे पडतं ते त्यांना समजत नाही. "मले बटनाचं दे बापा," ते म्हणाले. "हात लावला का समजलं पाह्यजे." त्यांच्या ओळखीचं यंत्र घरात होतंच. जागलीवर जाताना आम्ही नेतो तो बाजारातला डब्बा : पेन ड्राइव्ह लावायची जागा, मेमरी कार्डची फट, एफएम, चार्जिंगची बॅटरी आणि वर रबराची चार बटनं. रोही आणि रानडुकरं कपाशीत शिरू नयेत म्हणून तो रात्रभर भजनं वाजवतो. बाबांनी स्वतः कितीतरी वर्षं तो धुऱ्यावर ठेवला आहे, त्यामुळे कोणतं बटन दाबून धरलं की आवाज वाढतो आणि नुसतं दाबलं की पुढचं गाणं लागतं, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. मी तिथेच ठरवलं की बाबांना नवं यंत्र शिकवायचं नाही, पुस्तकंच या डब्ब्याला मानवतील अशी करायची.

डब्ब्याला फक्त एमपी३ कळतं. खोक्यावर तसं छापलेलंच होतं. आणि पुण्याच्या चुलतबहिणीने तिच्या जुन्या सीड्यांवरून करून पाठवलेली पुस्तकं होती एम४बी. पेन ड्राइव्ह लावला की निळा दिवा लुकलुकायचा आणि डब्बा गप्प. त्याच फाइली भाच्याच्या लॅपटॉपवर व्हीएलसी नावाच्या फुकटच्या प्लेअरमध्ये मात्र छान वाजत होत्या, म्हणजे फाइल खराब नव्हती.

एम४बी म्हणजे काय, ते थोडं समजून घेण्यासारखं आहे. ही एमपीईजी-४ ची पेटी. आत आवाज असतो तो बहुतेक वेळा एएसी प्रकारचा (एमपी३ सारखीच आवाज दाबून साठवायची एक पद्धत), सोबत प्रकरणांच्या खुणा आणि मुखपृष्ठाचं चित्र. एम४ए म्हणजेही तीच पेटी. फरक नावातल्या शेवटच्या अक्षराचा, ज्यावरून प्लेअरला कळतं की हे गाणं नाही, पुस्तक आहे, कुठे थांबलो ते लक्षात ठेवायचं. म्हणून एखादा फोन एम४बी उघडत नसेल तर नाव बदलून एम४ए करा, बरेचदा काम होतं. पण नाव बदलून एमपी३ केल्याने काहीही होत नाही, कारण आत एएसीच राहतो. तिथे खरोखर कन्व्हर्ट करावं लागतं.

त्यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही. व्हीएलसीच्या मीडिया मेन्यूत कन्व्हर्टची सोय आहे, एखाद-दुसऱ्या फाइलला ती पुरते. आम्हाला ढिगाने करायच्या होत्या, म्हणून एफएफएमपेग घेतलं. २००० साली सुरू झालेला हा फुकटचा, मुक्त प्रोग्रॅम आहे. त्याला खिडक्या-बटनं नाहीत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावा लागतो. भाच्याने एकदा हुकूम लिहून घेतला आणि अख्ख्या फोल्डरला लावला. हुकुमात चारच गोष्टी ठरवायच्या होत्या : आवाज एमपी३ मध्ये, बिटरेट (एका सेकंदाच्या आवाजाला किती माहिती वापरायची) ६४ किलोबिट, चॅनल एकच, आणि चित्र काढून टाकायचं. मोठं चित्र असलेल्या फाइलवर आमचा डब्बा अडकून बसायचा, चित्र काढल्यावर तो त्रास गेला.

६४ का, ते सांगतो. बोलणाऱ्या एका माणसाच्या आवाजाला स्टिरिओ लागत नाही, आणि मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनलमध्ये, ६४ किलोबिटला शब्द स्वच्छ येतात. तासाला साधारण २९ एमबी जागा लागते, म्हणजे दहा तासांचं पुस्तक २९० एमबीच्या आत. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर अशी पंचवीस पुस्तकं आरामात मावतात. बिटरेट वाढवून १२८ किंवा ३२० केला तर फाइल फुगते, पण मूळ फाइलमध्ये नसलेला आवाज काही येत नाही. उलट एएसीतून एमपी३ करताना थोडं काहीतरी गळतंच. म्हणून मूळ एम४बी लॅपटॉपवर तशीच जपून ठेवायची आणि पुढे वेगळं काही करायचं झालं तर नेहमी मूळावरून करायचं, कन्व्हर्ट केलेल्यावरून पुन्हा नाही.

इथवरचं कोणीही सांगेल. खरी मेहनत पुढे होती.

आमचा डब्बा बंद करून चालू केला की कोणती फाइल चालू होती ते त्याला आठवतं, पण फाइलमध्ये कुठे होतो ते आठवत नाही. आता अख्खं पुस्तक एकाच फाइलमध्ये असेल तर बाबांना दरवेळी पहिल्या पानापासून ऐकावं लागणार. त्यात आमच्याकडे लाइनीचा भरवसा नाही, चार्जिंग संपलं की डब्बा कधीही बंद पडतो. यावर उपाय म्हणजे पुस्तकाचे तुकडे. एफएफएमपेगला ६०० सेकंदांचे तुकडे करायला सांगितलं की दहा-दहा मिनिटांच्या फाइली पडतात. डब्बा कुठेही बंद पडो, फार तर दहा मिनिटं पुन्हा ऐकावी लागतात. बाबांना त्यात अडचण वाटत नाही. "उजळणी होते," म्हणतात. ज्या पुस्तकांत प्रकरणांच्या खुणा होत्या तिथे आधी प्रकरणाप्रमाणे कापलं आणि मग लांब प्रकरणांचे तुकडे केले, म्हणजे एका तुकड्यात दोन प्रकरणं येत नाहीत.

मग क्रमाचा घोटाळा. नावं १, २, ३ अशी दिली तर बरीच यंत्रं १ नंतर १० लावतात, म्हणून ००१, ००२ अशी नावं द्यायची, हे ऐकून माहीत होतं. तशी दिली. तरी बाबांनी हाक मारली : "अबे, हा माणूस तर मेला होता. आता जेवाले कसा बसला?" पाहतो तर डब्बा नावांकडे बघतच नव्हता. असे स्वस्त डब्बे पेन ड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात, कारण फॅट३२ (पेन ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) च्या यादीत नोंदी त्याच ओळीने पडतात. फाइली घाऊक उचलून टाकल्या किंवा मधली एखादी पुसून पुन्हा टाकली, की क्रम बिघडतो. उपाय असा : पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून रिकामा करायचा आणि फाइली क्रमवार, एकामागून एक कॉपी करायच्या. भाच्याने त्यासाठीही छोटा हुकूम लिहून ठेवला. फॅटसॉर्ट नावाचा प्रोग्रॅम आहे, तो आहे त्याच पेन ड्राइव्हवरची यादी नावाप्रमाणे लावून देतो. हे कळलं आणि पुढे क्रमाची तक्रार आली नाही.

सगळ्यात मनासारखं काम झालं ते माझ्या मुलीमुळे. डब्ब्यावर पडदा नाही, आणि असता तरी बाबांना काय उपयोग? कोणतं पुस्तक, कितवा तुकडा, हे त्यांना कळणार कसं? मुलीने फोनवर स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलं : पुस्तकाचं नाव, मग "प्रकरण तिसरं, भाग दुसरा". ते छोटे आवाज ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये नीट कापले आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी जोडले. आता बाबा पुढचं बटन टकटक दाबत जातात, नातीचा आवाज आकडे सांगत जातो, आणि हवं ते आलं की बोट थांबतं. घरी कोणाला हाक मारावी लागत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात हीच गोष्ट सर्वात आधी करायला हवी. यंत्र कितीही महाग घ्या, न दिसणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत ते ऐकू आलं पाहिजे.

दुसरा ढीग सुगम्य पुस्तकालयाचा. २०१६ साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी आहे. दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, तो बाबांसाठी काढलेला होताच. तिथली बरीच पुस्तकं डेझी प्रकारात, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी बनवलेल्या पुस्तकांच्या खास प्रकारात मिळतात. झिप उघडली की एचटीएमएलची एक फाइल, स्माइल नावाच्या पुष्कळ बारक्या फाइली, आणि आवाजाचं पुस्तक असेल तर सोबत एमपी३. त्या बारक्या फाइली म्हणजे प्रकरण, पान, परिच्छेद यांवर उडी मारायची सोय, पण त्यासाठी डेझी वाचणारा प्लेअर किंवा ॲप लागतं. आमच्या डब्ब्यासाठी फक्त एमपी३ उचलले. काही पुस्तकांत नुसता मजकूर असतो, ती फोनकडून वाचून घ्यावी लागतात. ती सध्या बाजूला ठेवली आहेत.

हे करणं कायद्यात बसतं का, असं शेजारच्या गुरुजींनी विचारलं. बसतं. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी पुस्तकाचं रूप बदलायला परवानगी मिळाली आहे, आणि अशा पुस्तकांसाठी झालेला माराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ साली. बाहेर वाटायचं नाही, विकायचं नाही, घरच्या घरी वापरायचं. वर्गणीच्या ॲपमधली पुस्तकं मात्र कुलूपबंद असतात, डाउनलोड केली तरी ॲपच्या आतच राहतात. त्यांच्या मागे मी लागलो नाही. संध्याकाळी मुलगी ती फोनवर लावून देते.

तिसरा ढीग माझ्या बहिणीचा. ती नागपुरातून रोज रात्री थोडं वाचून व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवते. त्या ओपस प्रकारच्या असतात. फार कमी जागेत चांगला आवाज, पण डब्ब्याला त्याही कळत नाहीत. तोच हुकूम, तेच ६४ किलोबिट. नावं तारखेची आणि आकड्यांची असतात, म्हणून आल्या आल्या त्यांना प्रकरणाचं नाव देऊन ठेवतो, नाहीतर महिन्याभराने ओळख पटत नाही.

आता बाबांची नवी मागणी आहे : "ते पुण्याच्या पुस्तकातली बाई लय सावकाश वाचते. तिले जरा हाक." एफएफएमपेगमध्ये त्याचीही सोय निघाली. सव्वापट वेग द्यायचा, आवाज चिरका होत नाही, शब्द तेवढे लवकर येतात. सव्वापट बाबांना पटला, दीडपटीला नको म्हणाले. त्या पुस्तकाचे तुकडे मूळ फाइलवरून पुन्हा पाडायला घेतले आहेत. बहिणीच्या वाचनाला मात्र वेग लावायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.