तुम्ही विचारलंत म्हणून: चमचाभरच दूध का?

"आतड्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले, लेकरू बोट चोखतंय, अन् तुम्ही चमचाभरच दूध देताय?" सोलापुरात एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराशी हे बहुतेक वेळा आजीच विचारते, कधी मराठीत, कधी कन्नड-तेलुगूत.

ते दूध पोट भरायला नसतंच. पोषण शिरेतून चाललेलं असतं. दूध असतं आतड्यासाठी: ते लागलं नाही तर आतलं अस्तर झिजतं. नुसत्या शिरेतल्या पोषणावर आठवडेच्या आठवडे गेले, तर यकृतात पित्त साठून कावीळ होते ती वेगळीच.

दोन किलोचं बाळ धरा. किलोमागे दिवसाला 20 मिली, म्हणजे 40. दर तीन तासांनी, आठ वेळा, 5-5 मिली. झाला चमचा. सोसलं तर रोज किलोमागे 10 ते 20 मिली वाढवायचं, साधारण 150 पर्यंत. आतडं बरंच काढलं असेल तर यात महिनेही जातात.

सोसलं हे कळतं कसं? पोटात घातलेल्या नळीतून थोडं पांढरं दूध मागे आलं की फीड बंद, या सवयीपायी दिवस फुकट जातात. नव्यानं हिरवं आलं, पोट फुगून टणक झालं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर मात्र थांबायचंच. स्टोमा असेल, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावली असेल, तर पिशवीत आलेलं मोजायचं: किलोमागे दिवसाला 40 मिलीच्या वर गेलं (आपल्या बाळाचं 80), तर वाढ रोखायची. आतड्याचं खालचं तोंडही पोटावर काढलेलं असेल, तर पिशवीतलं ताजं पाणी, पुढचा मार्ग मोकळा असल्याची खात्री करून, त्यातून हळूहळू आत सोडतात. ऐकून नाक मुरडाल, पण निजलेलं आतडं त्यानं कामाला लागतं.

पिशवीतून मीठही जातं, आणि हे सहज निसटतं. दूध पुरेसं, रक्तातलं सोडियम ठीक, तरी वजन हलत नाही? लघवीतलं सोडियम बघा. लिटरला 20 मिलिमोलच्या खाली असेल तर मीठ कमी पडतंय. ते डॉक्टरच मोजून देतील, घरचं नको. घुटी, मधही नको.

पंपानं सावकाश दूध देताना साय नळीला चिकटते आणि ताकद तिथंच राहते. नळी आखूड घ्या, सिरिंजचं तोंड वर ठेवा.

दूध आईचंच, दर दोन-तीन तासांनी काढलेलं, रात्रीसुद्धा. मे महिन्यात पारा 42 वर असताना घरून आणायचं तर बर्फाच्या पेटीतूनच.

आणि बोट चोखतंय ते चोखू द्या. नळीतून दूध जात असताना, डॉक्टर हो म्हणाले तर, पिळून रिकामा केलेला स्तन तोंडात दिला तर आणखी बरं.