सावंतवाडी: राजवाड्यातला मुक्काम आणि गंजिफांचे रंग

कोकण रेल्वेचं ‘सावंतवाडी रोड’ स्टेशन गावात नाही, मळगावात आहे. तिथून रिक्षा करून मोती तलावाशी उतरायचं. तलाव १८७४ सालचा. त्याच्या काठाने चालत लेस्टर गेटमधून आत शिरलं की समोर लालसर राजवाडा उभा राहतो. तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात बांधलेला. राजघराणं आजही इथेच राहतं. २०२२ पासून वाड्याच्या एका भागात पाहुण्यांसाठी मोजक्या खोल्या सुरू झाल्या आहेत. खोल्यांना नावं विष्णूच्या अवतारांची, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

‘हेरिटेज’ म्हटलं की मी आधी भिंती बघते. मागे एका गावातल्या वाड्यात उतरले होते. मालकांनी हौसेने जांभ्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता, वर पीओपीचं छत आणि खाली चकचकीत टाइल्स. दोन पावसाळ्यांत भिंतींना पोपडे आले. जांभा पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. चुना त्याला ते करू देतो, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. कोकणातल्या कुठल्याही जुन्या गवंड्याला हे विचारा, तो हेच सांगेल. पण गवंड्याला विचारतो कोण? सगळे इंटिरियरवाल्याला विचारतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात ते सजवलेपण अंगावर येत नाही. जाड भिंती, उंच छत, खाली वाडीच्या बाजाराचा आवाज. कौलांवर पाऊस सुरू झाला की फोनवर बोलायची सोय नाही. मला हे चाललं, सगळ्यांना चालेल असं नाही.

खरी मजा मात्र दरबार हॉलमध्ये. झुंबरं आणि जुन्या तसबिरींच्या त्या दालनात कारागीर मांडी घालून गंजिफा रंगवत असतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संच १२० पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. मी वाकून बघत होते. एक ताई चार-पाच केसांच्या कुंचल्याने माशाचे खवले काढत होत्या. एक खवला, मग श्वास, मग दुसरा. बोट पुढे गेलं तशा म्हणाल्या, “हात लावू नकात हां, रंग वलो आसा.” पूर्वी हे पान चिंध्यांच्या थरांचं असे. चिंचोक्याची खळ लावून चिकटवायचं, खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि शेवटी लाख.

ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी ती उचलून धरली. सत्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. वाडीत येऊन त्या पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडे स्वतः शिकल्या, मग इतरांना शिकवलं आणि वाड्यातच कामाला जागा दिली. आता खोल्यांच्या नावांचं कोडं सुटलं असेल. याच घराण्यातले युवराज लखमराजे आणि त्यांच्या पत्नी श्रद्धाराजे यांनी तोच धागा पुढे नेला. मला यातलं शहाणपण आवडलं. नुसता वाडा राखायचा म्हटलं तर पैसा खड्ड्यात जातो. आत कुणाचं तरी पोट भरणारं काम चालू असेल तर छत गळतंय हे वेळेवर कळतं आणि ते दुरुस्त करायची गरजही वाटते.

एक खंत आहे. मी विकत घ्यायला संच मागितला तर आधी फ्रेम केलेली पानं दाखवली. लोक तीच नेतात म्हणे, भिंतीवर लावायला. दिवसा रामाच्या पानाने आणि रात्री कृष्णाच्या पानाने सुरू होणारा हा खेळ कुणाशी तरी खेळायची माझी फार इच्छा होती, पण गडी काही मिळाला नाही.

जाणार असाल तर एक दुपार चितारआळीसाठी ठेवा. लाकडी फळं तिथे घ्या. केळं इतकं हुबेहूब असतं की घरी आलेला पाहुणा सोलायला बघतो. भाव मात्र दोन-तीन दुकानांत विचारून घ्या. विमानाने येणाऱ्यांना आता गोव्यातलं मोपा विमानतळ जवळ पडतं, पण मी रेल्वेच सुचवेन. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, एवढं तपासून तिकीट काढा.