म्हातारपण ब्रागात की फोंड्यात?

नवरा पोर्तुगालचा, ब्रागाचा, आणि रिटायर झाल्यावर तिकडेच जाऊया म्हणतो. मला तिथल्या थंडीचं टेन्शन नाही, टेन्शन आहे ते पासपोर्टचं. लग्नाला 3 वर्षं झाली की पोर्तुगीज नागरिकत्वाला अर्ज करता येतो हे खरंय, पण ते घेतलं की भारताचं जातं, आपल्याकडे ड्युअल वगैरे नाहीच. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) काढा, त्यावर इथे कितीही राहा, पण शेतजमीन, बागायत विकत घेता येत नाही, वारशाने आली तर चालते, म्हणजे आईचं गोव्यातल्या फोंड्याचं कुळागर, सुपारीची बाग, वाचलं म्हणायचं. (आई म्हणते, सुपाऱ्या पाडायला कोण येणार, जावईबापू?) सध्या तरी मी रेसिडन्स परमिटवरच जाईन म्हणतेय, पासपोर्ट निळाच बरा.