चढावरचं पहिलं पॅडल: मी ई-सायकल कशी निवडली

पसरणी घाटात सायकलवरून उतरून मी पहिल्यांदा ती ढकलत चालले, तो डिसेंबर 2022 मधला रविवार होता. त्याआधी आठ वर्षं, बँकेतली नोकरी सांभाळून, वर्षातून तीन-चार वेळा तरी हा घाट मी चढत होते. पुण्याहून पहाटे गाडी काढायची, वाईत चहा घ्यायचा, सायकलचं चाक जोडायचं आणि पाचगणीची वाट धरायची. जेमतेम 12 किलोमीटर, पण चढ साधारण 580 मीटरचा. शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे पडलं की रस्ता वळायला लागतो आणि दर वळणागणिक धोम धरणाचं पाणी थोडं थोडं जास्त दिसू लागतं. ते पाणी पुरतं दिसायच्या आतच त्या दिवशी उजवा गुडघा बोलायला लागला.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की वाटीमागची कुर्चा झिजू लागली आहे. सायकल सोडू नका, पण जड गिअरवर जोर लावणं सोडा. पाय हलके फिरायला हवेत, मिनिटाला 70 फेऱ्यांच्या आसपास. चढावर माझे 45-50 सुद्धा होत नव्हते. ई-सायकलचा विचार तिथून सुरू झाला. घ्यायची तर अशी घ्यायची, जी पसरणी चढवेल आणि आमच्या वॅगनआरमध्ये बसून वाईपर्यंत येईल. या दोन अटी एकमेकींच्या आड येतात, हे पुढच्या चार महिन्यांत चांगलंच कळलं. चढासाठी मोटर नि बॅटरी मोठी हवी, आणि त्या मोठ्या झाल्या की सायकल उचलवत नाही.

दुकानात पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात: एका चार्जिंगमध्ये किती जाते? मीही विचारला. उत्तरं आली 40, 60, 80 किलोमीटर. हे आकडे सपाट रस्त्याचे आणि हलक्या माणसाचे असतात. मग घरी वही घेऊन बसले. माझं वजन 64, सायकल 22, पाणी-पिशवी 4, असे 90 किलो. हे 90 किलो 580 मीटर वर न्यायचे तर नुसत्या उचलण्यालाच 140 वॉट-अवर ऊर्जा लागते. रस्त्याचं घर्षण आणि मोटरमध्ये उष्णता होऊन जाणारा भाग धरला, तर सगळा भार मोटरवर टाकल्यास 200 च्या पुढे जातं. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की तिची साठवण कळते. स्वस्त सायकलींत दिसणारी 36 व्होल्ट, 7.8 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 280 वॉट-अवर. म्हणजे 40 किलोमीटर जाणारी ती बॅटरी माझा 12 किलोमीटरचा घाट चढताना बरीचशी संपली असती. ज्यांना घाटात जायचं आहे त्यांनी किलोमीटर बाजूला ठेवून हा गुणाकार आधी करावा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

सायकली चालवून पाहायला मी पौड रोडवरून एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडे चढणारा रस्ता निवडला. घरापासून जवळ, चढ चांगला खडा, आणि सकाळी गर्दी कमी. (250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरला बंद होणारी मदत, अशी मान्यता असलेल्या सायकलीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. ती मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय एक, हे मला याच शोधात समजलं.) माझी चाचणी सोपी होती. अर्ध्या चढावर थांबायचं, दोन्ही पाय खाली टेकवायचे आणि पुन्हा निघायचं. घाटात एसटी वळण घेत असली की थांबावं लागतंच. त्यानंतरच्या पहिल्या पॅडलला माझा गुडघा दुखतो. पुढची सगळी गंमत त्या एका अर्ध्या फेरीवर ठरते.

पहिली सायकल मागच्या चाकात मोटर असलेली, आपल्याकडे सगळीकडे मिळते तशी. सपाटीवर छान पळाली. चढावर थांबून निघाले तेव्हा मोटर गप्प. पॅडल पाऊण फेरी फिरलं आणि मग ती जागी झाली. तोपर्यंत गुडघ्याला बसायचा तो ताण बसून गेला होता. सोबत आलेला दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, थ्रॉटल द्या ना, मग पाय मारायलाच नको.” थ्रॉटलने, म्हणजे पॅडल न मारता हँडलवरूनच मोटर चालवून, निघता आलं, खरं आहे. पण कारण समजून घ्यायचं होतं म्हणून त्याच्या मेकॅनिकला विचारलं. या सायकलींत पॅडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. पायाने किती जोर लावला हे त्याला कळत नाही, आणि पॅडल थोडं फिरल्याशिवाय तो मोटर चालू करत नाही. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे टॉर्क सेन्सर, पायाचा दाब ओळखतो. पॅडलवर पाय दाबला की लगेच मदत, जास्त दाबला की जास्त मदत. तो महाग. माझ्यासाठी सगळा फरक त्यातच होता.

वरच्या खड्या टप्प्यात दुसरी गोष्ट जाणवली. वेग 7 वर आला आणि मोटरचा आवाज दबला. चाकातल्या मोटरला सायकलच्या गिअरचा काहीच उपयोग नसतो. आपण हलका गिअर टाकला तर पाय हलके होतात, पण मोटर चाकाच्याच संथ गतीने फिरत राहते, आणि संथ फिरणाऱ्या मोटरमध्ये विजेची बरीच उष्णता होऊन वाया जाते. पाच-सात मिनिटांच्या चढाला हे चालून जातं. पसरणीत तास-सव्वातास सलग चढायचं असतं.

जाड टायरवाली एक पाहिली. सामान तोलायचा हुकाचा काटा मी पर्समध्ये घेऊन फिरत होते. 29 किलो भरली. तिथेच नमस्कार केला.

घडीच्या सायकलीवर मात्र माझा जीव जडला होता. 20 इंची चाकं, घडी घातली की सीट न पाडता डिकीत. आणि आश्चर्य म्हणजे ती चढावर पहिलीपेक्षा सरस निघाली. मेकॅनिकने जमिनीवर खडूने दोन वर्तुळं काढून दाखवलं: चाक लहान असलं की तेवढ्याच मोटरचा ढकलण्याचा जोर वाढतो, कारण आसापासून रस्त्यापर्यंतचं अंतर कमी. आठवडाभर मी तीच घ्यायची म्हणत होते. मग कात्रजच्या जुन्या घाटात ती उतारावर चालवली. ताशी 30 च्या वर वेग गेला, समोर उखडलेला पॅच आला, आणि लहान चाक खड्ड्यात असं उतरलं की हँडल हातातून निसटता निसटता राहिलं. चढणाऱ्याला उतरायचंही असतं. ज्यांचं घर टेकडीवर आहे, ज्यांना रोज दोन किलोमीटर चढून भाजी आणायची आहे, त्यांनी ही जरूर घ्यावी. घाटाच्या उतारावर मला ती नको वाटली.

शेवटी मिड-ड्राइव्ह चालवायला मिळाली, म्हणजे पॅडलच्या आसाशीच मोटर असलेली. पुण्यात चालवून पाहायला अशी एकच सापडली, गेल्या वर्षीचा डिस्प्लेचा नग. एआरएआयच्या त्याच जागी थांबले, हलक्या गिअरवर पाय ठेवला आणि दाबला. कोणी पाठीवर हात ठेवून पुढे न्यावं तशी ती निघाली. माझ्या गुडघ्यापर्यंत काही पोचलंच नाही. मी तिथेच पुन्हा थांबले, पुन्हा निघाले, असं सहा वेळा केलं. इथे मोटरची ताकद चेनमधून मागच्या गिअरवर जाते, त्यामुळे आपण हलका गिअर टाकला की मोटरचंही काम हलकं होतं. तीही 250 वॉटचीच, तरी वरच्या टप्प्यावर आवाज बदलला नाही.

तिचे तोटे दुकानाच्या मालकाने स्वतः सांगितले, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. चेन आणि मागची दातेरी चक्रं लवकर झिजतात, कारण मोटरचाही भार त्यांच्यावरच येतो. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडावा लागतो, नाहीतर कडकन आवाज येतो. आणि जड गिअरवर थांबलात तर चढावर निघणं अवघड, म्हणून थांबायच्या आधी हलका गिअर टाकून ठेवायचा. किंमत मागच्या चाकातल्या मोटरवालीच्या तिप्पट. निवृत्तीच्या पैशांतून एवढे घालायचे का, यावर घरी दोन दिवस बोलणं चाललं होतं. हे म्हणाले, “अगं, गुडघ्याचं ऑपरेशन यापेक्षा स्वस्त आहे का?”

मग गाडीचा प्रश्न. आधी डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक बघितला. त्यावर एका सायकलीला 15 किलोची मर्यादा लिहिलेली, शिवाय मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते. खंबाटकी घाटात ट्रकच्या रांगेत, मागे दिवे दिसत नाहीत अशा अवस्थेत जायची माझी तयारी नव्हती. टपावरच्या रॅकसाठी सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते. 22 किलो, 58 वर्षांची मी आणि 62 वर्षांचे हे. ते शक्य नव्हतं. म्हणजे गाडीच्या आतच.

दुकानदाराला विचारलं, गाडी घेऊन येते, सायकल आत बसवून बघू द्याल का? एका दुकानाने आधी बिल करा म्हणून सांगितलं होतं. इथे मालक स्वतः पाने घेऊन गल्लीत आले. बॅटरी काढली, 2.9 किलो कमी. पुढचं चाक काढलं, अजून दोन किलो. उरले साधारण सतरा, म्हणजे दोघांनी धरले तर प्रत्येकी नऊसुद्धा नाहीत. मागची सीट पाडली, जुनी सतरंजी अंथरली. चाक काढल्यावर लांबी 145 सेंटिमीटर भरत होती. पण 72 सेंटिमीटरचं हँडल आडवं येईना. एलन कीने हँडल धरणाऱ्या स्टेमचे दोन बोल्ट सैल करून ते फ्रेमला समांतर फिरवलं आणि सायकल आडवी आत गेली. चेनची बाजू वर ठेवायची, नाहीतर गिअरचा हात वाकतो आणि सतरंजीला तेल लागतं ते वेगळंच. डिकीचं झाकण बंद झालेलं पाहिलं आणि मी चेकबुक काढलं.

बॅटरी आम्ही पुढे, माझ्या पायाशी कापडी पिशवीत नेतो. उन्हात बंद गाडीत लिथियमची बॅटरी ठेवायची नाही, हे मालकांनी तीनदा बजावलं होतं. जेवायला थांबलो की पिशवी आमच्याबरोबर टेबलापाशी येते.

पहिल्याच खेपेला माझ्याकडून एक चूक झाली, ती सविस्तर सांगते, कारण चाक काढून सायकल नेणाऱ्या कोणाकडूनही ती होऊ शकते. वाईत सायकल बाहेर काढताना माझा हात पुढच्या ब्रेकच्या दांडीवर पडला आणि ती दाबली गेली. चाक जोडायला गेले तर त्यावरची ब्रेकची चकती आत जाईना. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये चकती नसताना दांडी दाबली की दोन्ही पॅड एकमेकांना जाऊन भिडतात आणि आपोआप मागे येत नाहीत. कृष्णेच्या काठी अर्धा तास आम्ही त्या एका मिलिमीटरच्या फटीकडे बघत बसलो. शेवटी टायर काढायचा प्लॅस्टिकचा चपटा दांडा मधे घालून, हळूहळू, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला रेटून पॅड मागे सारले. लोखंडी पाना घातला असता तर पॅड ओरखडले असते. आता चाक काढलं की मी त्या फटीत पुठ्ठ्याची घडी खोचते. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा अगदी बेताच्या जाडीचा असतो.

त्या दिवशी निघायला साडेनऊ झाले. मदतीची मधली पायरी ठेवली आणि मागे सगळ्यांत मोठं चक्र. वेग 10-11, पायांच्या फेऱ्या 68 ते 72. गाव गेलं, पहिलं वळण गेलं. धोमचं पाणी दिसायला लागलं. मागच्या वेळी जिथे उतरले होते ती कठड्याची जागा ओळखीची होती. तिथे समोरून एसटी आली, मागे दोन गाड्या, मला थांबावं लागलं. आधीच हलका गिअर टाकला होता. एसटी गेली, मी पाय ठेवला आणि दाबला.

पाचगणीला पोचले तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. बॅटरी 100 वरून 71 वर. म्हणजे 504 वॉट-अवरपैकी 146 खर्च झाले होते, बाकीचं काम माझ्या पायांनी केलं. घाम आला होता, श्वास लागला होता. गुडघा दुखला नव्हता. गाडी घेऊन पुढे आलेले हे रस्त्याकडेला उभे होते. हातात स्ट्रॉबेरीचा डबा. “आता सायकल गाडीत टाकू,” म्हणाले. मी म्हटलं, “अहो, तुम्ही व्हा पुढे, मी उतरते.”

उतारावर सायकलचं वजन जाणवतं. ब्रेक सतत दाबून धरला तर चकत्या तापतात, म्हणून वळणाआधी जोरात दाबायचा, वेग खाली आणायचा आणि सोडून द्यायचा. वाईत पोचल्यावर चकतीजवळ तळहात नेला तर ऊब दुरूनच लागली. ती निवेपर्यंत आम्ही उरलेली स्ट्रॉबेरी संपवली, मग चाक काढलं, फटीत पुठ्ठा खोचला आणि दोघांनी मिळून सायकल सतरंजीवर आडवी केली.